गीता ९.३० : डोंगराच्या तळाशी वाचत पडलेली बाई



आजचा श्लोक नवव्या अध्यायातला तिसावा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. भगवंत अर्जुनाला सांगतात की माणूस कितीही दुराचारी असो, तो अनन्य होऊन मला भजू लागला तर त्याला साधूच समजायचं, कारण त्याचा निश्चय आता योग्य जागी बसलाय.

मला हा श्लोक फार आवडायचा. 'आवडायचा' असं का लिहितोय ते पुढे येईल.

शुक्रवारी संध्याकाळी मी पनवेलहून दिवा-रोहा गाडी पकडतो. बसायला मिळालं तर मोबाइलवर ज्ञानेश्वरी उघडतो, नाही मिळालं तर दाराजवळ उभा राहून ऐकतो. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. मागच्या शुक्रवारी याच श्लोकावरच्या ओव्या चालू होत्या. माउली तिथे पुराचा दाखला देतात. महापुरात बुडालेला माणूस जिवंत काठाला लागला, तर त्याचं बुडणं फुकट गेलं म्हणायचं. आता त्याला 'बुडालेला' कोण म्हणणार? तसंच दुष्कर्म केलेला माणूस अनुतापाच्या तीर्थात न्हाऊन देवाकडे आला, की मागचं सगळं धुऊन गेलं.

आम्हा रोहेकरांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. जुलैत कुंडलिकेचं पाणी चढायला लागलं की घरातली म्हातारी माणसं न बोलता पुलाकडे बघून येतात. पुरातून माणूस वर येणं म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्या दिवशी मी रोह्याला गेलो नाही, हमरापूरलाच उतरलो. मामांचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. सीझनचे दिवस, मामांना श्वास घ्यायला वेळ नाही, आणि आईने दिलेला डबा पोचवायचा होता. शाडूच्या मूर्ती फळ्यांवर ओळीने वाळत होत्या. मामा एका कोपऱ्यात दिवा ओढून डोळ्यांची आखणी करत होते. हे काम ते अजून दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. मी गप्प बसून राहिलो. आखणी चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हे लहानपणापासून शिकलोय.

चहा आला तेव्हा मी त्यांना एक फोटो दाखवला. ऑफिसमधला एक मित्र मूळचा मडगावचा. आमच्यात देवाधर्माच्या गप्पा चालतात. त्याने पाठवलेला फोटो होता हस्तिदंती मूर्तीचा, सतराव्या शतकात गोव्यात कोरलेल्या. अशा बऱ्याच मूर्ती आज जगभरच्या म्युझियममध्ये आहेत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येसुद्धा. पोर्तुगीजमध्ये त्यांना 'बोम पास्तोर' म्हणतात, म्हणजे चांगला मेंढपाळ. एक डोंगर आहे, टप्प्याटप्प्याचा. सगळ्यात वर येशू, पण लहान मुलाच्या रूपात. पाय एकमेकांवर टाकून बसलाय, गाल हातावर टेकलाय, डोळे मिटलेले. खांद्यावर आणि मांडीवर कोकरू. अभ्यासकांना त्यात ध्यानस्थ बुद्ध दिसतो. मला विचाराल तर कोकराच्या जागी वासरू ठेवा, आपला गोपाळकृष्णच. त्याच्या खाली झरा, पाणी प्यायला आलेले प्राणी आणि पक्षी. आणि अगदी तळाशी, डोंगराच्या पोटातल्या गुहेत, एक बाई कुशीवर पडून पुस्तक वाचतेय.

ती मेरी मॅग्डालीन. ख्रिस्ती परंपरेतली पश्चात्तापी संत.

इथे काही जणांच्या मनात येईल, गोव्यात देवळं पाडली त्यांची मूर्ती तू आम्हाला का दाखवतोस? बरोबर आहे. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन होतं आणि ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत असेही हुकूम निघाले. ते मी विसरलेलो नाही. पण हे हस्तिदंत कोरणारे हात आपल्याकडचेच होते, आणि त्याच काळात फादर स्टीफन्सने ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली, मराठीत. माणसाचं पाप आणि देवाकडे परत येणं हे सांगायला त्यालाही ज्ञानोबांचाच छंद घ्यावासा वाटला. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की आजच्या श्लोकातला माणूस दिसतो कसा, हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

मामांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. पहिला शेरा धंद्याचा.

"बाई तळाला ठेवलीय ते बरं केलं. तळ जड पाहिजे, नाहीतर मूर्ती कलंडते."

मग म्हणाले, "पण ही कोण?"

मी सांगितलं.

"पश्चात्ताप झालाय म्हणतोस, आणि रडत तर नाहीये."

"नाही मामा, वाचतेय."

"मग बघणाऱ्याला कळायचं कसं?"

मामा पुन्हा आखणीला बसले. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. निश्चय बदलला हे बघणाऱ्याला कळायचं कसं?

युरोपात त्याच सुमारास चित्रकार याच प्रश्नाशी झगडत होते. ज्या शैलीला बरोक म्हणतात तिचा तो काळ. प्रॉटेस्टंट सुधारकांनी पापाची कबुली आणि प्रायश्चित्त या चर्चच्या पद्धतीवरच बोट ठेवलं होतं. त्याला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत (१५४५ ते १५६३) आपली बाजू पक्की केली, आणि चित्रांनी सामान्य माणसाला भक्तीकडे न्यावं असंही ठरवलं. मग पश्चात्तापी संतांची चित्रं भराभर निघाली. तीनदा येशूला नाकारून मग रडणारा पीटर, रानात छातीवर दगड मारून घेणारा जेरोम, आणि सगळ्यात जास्त ही मॅग्डालीन. मोकळे केस, वर वळलेले पाणावलेले डोळे, शेजारी कवटी. खरं सांगू? त्यातली बरीच मला नाटकी वाटतात.

एक नाही वाटत. काराव्हाज्जोचं, १५९५ च्या आसपासचं. ते रोमच्या डोरिया पाम्फिली गॅलरीत आहे, मी स्क्रीनवरच पाहिलंय. एक मुलगी बुटक्या खुर्चीवर बसलीय. मान खाली गेलेली, हात मांडीवर, जणू काहीतरी धरून ठेवलंय पण हातात काही नाही. नाकाशेजारी एक थेंब. आणि बाजूला फरशीवर तिचे दागिने पडलेत, मोत्यांचा सर, सोन्याची साखळी. शेजारी तेलाची बाटली. बस्स. डोक्यामागे वलय नाही, आकाशात देवदूत नाहीत. बेल्लोरी नावाच्या चरित्रकाराने १६७२ मध्ये जवळपास तक्रारच केली, की याने केस वाळवत बसलेली एक साधी मुलगी काढली, बाटली आणि दागिने ठेवले आणि म्हणाला ही मॅग्डालीन!

मला तर तेच पटतं. दागिने अंगावरून काढून खाली टाकलेत. निश्चय डोळ्यांत शोधायची गरज नाही, तो फरशीवर पडलाय. (हाच काराव्हाज्जो पुढे १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाचा खून करून पळाला आणि उरलेली चार वर्षं पळतच राहिला. पश्चात्ताप रंगवता येणं आणि करता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी ब्लॉग लिहितो, त्यामुळे ही ओळ आधी मलाच लागू.)

आता त्या बाईबद्दल एक गोष्ट, जी वाचून मी गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो. मॅग्डालीन वाईट चालीची होती असं बायबलमध्ये कुठेच म्हटलेलं नाही. तिच्यातून सात भुतं निघाली असं ल्यूकच्या शुभवर्तमानात आहे. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा शिष्य पळाले, ही तिथे होती. उठलेला येशू सगळ्यात आधी तिला दिसला असं योहान सांगतो. बास, एवढंच. पण इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरीने एका प्रवचनात तीन वेगळ्या बायका एकत्र केल्या: ही मॅग्डालीन, मार्थाची बहीण मेरी, आणि येशूचे पाय अश्रूंनी धुणारी एक निनावी पापी स्त्री. तेव्हापासून तो शिक्का हिच्यावर बसला. १९६९ मध्ये चर्चने कॅलेंडर सुधारताना त्या तिघींना पुन्हा वेगळं केलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिसने तिच्या दिवसाला सणाचा दर्जा दिला. एका प्रवचनातलं वाक्य पुसायला जवळजवळ चौदाशे वर्षं.

आपल्याकडे काय वेगळं? वाल्मीकि रामायणात दरोडेखोराची गोष्ट नाही. ती नंतरच्या ग्रंथांत येते. अध्यात्म रामायणात वाल्मीकि स्वतःच रामाला सांगतात की मी जन्माने द्विज, पण किरातांच्या संगतीने वाट चुकलो. आणि आपण मराठीत त्याचा केला 'वाल्या कोळी'. एका अख्ख्या मेहनती समाजाचं नाव दरोड्याला चिकटवलं आणि वर ती गोष्ट मुलांना संस्कार म्हणून सांगितली. रेवदंडा, अलिबागकडच्या माझ्या कोळी मित्रांना शाळेत हे ऐकताना कसं वाटलं असेल, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.

शिक्का बसवायला एक वाक्य पुरतं. हे मला माहीत आहे, कारण ते वाक्य मी बोललोय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीचं नाव नको, मी आता तिथे नाही. शुक्रवारी रात्री रिलीज होतं. मी एक स्क्रिप्ट चालवली, टेस्टच्या डेटाबेसवर चालवतोय असं समजून. ती प्रॉडक्शनवर चालली. पेमेंटचं पान दोन तास बंद. रोलबॅक करून पहाटे घरी आलो. सोमवारी कॉल होता, काय चुकलं ते शोधायचा. टीम, मॅनेजर, क्लायंटचे लोक. विचारलं गेलं, "त्या वेळी ऑन-कॉल कोण होतं?"

मी एका ज्युनिअर मुलाचं नाव घेतलं. म्हणालो, "त्याच्या शिफ्टमध्ये झालं."

खोटं नव्हतं ना! शिफ्ट त्याचीच होती. तो म्यूटवर होता, अनम्यूट झाला, आणि काहीच न बोलता परत म्यूट झाला. ते छोटं लाल चिन्ह मला अजून दिसतं. त्या वर्षी त्याचं रेटिंग गेलं. टीममध्ये त्याला गमतीने 'प्रॉड-फोड' म्हणायला लागले. मीही एकदा हसलो. सहा महिन्यांनी त्याने नोकरी सोडली.

तेव्हापासून मी हरिपाठ कधी चुकवला नाही. रोज सकाळी अर्धा तास. धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्यानंतर न चुकता घरी येतो. मनात जाळ होता, तो नामाने शांत होत गेला. आणि हा श्लोक मला आधार वाटायचा. बुडालो होतो, काठाला लागलो. मागचं वाया गेलं. किती छान!

मागच्या शुक्रवारी हमरापूरहून रोह्याची शेवटची गाडी पकडली. बाहेर काळोख आणि पाऊस. तीच ओवी पुन्हा लावली. आणि पहिल्यांदा मनात आलं, मी काठाला लागलो हे ठीक, पण माझ्या धक्क्याने जो पाण्यात पडला तो कुठंय?

माउलींच्या दाखल्यात एकच माणूस आहे, पुरात पडलेला. माझ्या गोष्टीत दोन होते. मी चार वर्षं एकाचाच हिशोब देवापुढे मांडत होतो.

मग श्लोक परत वाचला. 'अनन्यभाक्' हा शब्द मी नेहमी भक्तीची तीव्रता म्हणून वाचायचो, म्हणजे खूप मनापासून. पण त्याचा साधा अर्थ आहे, दुसऱ्या कशाचीही वाटणी न ठेवता. माझी वाटणी होती की! अर्धा मी विठ्ठलाचा, अर्धा माझ्या नावाचा. नाव शाबूत ठेवून उरलेलं देवाला दिलं होतं. त्या मुलीने साखळी फरशीवर टाकली. मी माझी खिशात ठेवून कीर्तनाला बसत होतो.

आणि मामांच्या प्रश्नाचंही उत्तर तिथेच होतं. बघणाऱ्याला कसं कळायचं? भगवंत म्हणतात, याला साधू समजा. हे सांगणं आहे बाकीच्यांना, समाजाला. म्हणजे शिक्का काढायचं काम बाकीच्यांचं आहे. देव तर आधीच मोकळा होऊन बसलाय, त्या मुलासारखा डोळे मिटून. खाली कोणी कोणावर काय लिहिलं ते खालच्यांनीच पुसायचंय. मी त्या 'बाकीच्यां'त होतो. एका निर्दोष मुलाला दुराचारी ठरवून मोकळा झालो होतो, म्हणजे श्लोक उलटा जगत होतो.

तुमच्यापैकी काहींनी मला मेसेजमध्ये विचारलंय की गिल्ट जात नाही, कोणता जप करू. मी आत्तापर्यंत जप सांगत आलो. आजपासून आधी विचारीन, त्यात दुसरं कोणी आहे का? असेल तर त्याचा नंबर आहे का तुमच्याकडे? जप कराच, तो सोडू नका. पण जपाने माझा जाळ इतका छान शांत झाला की फोन करायची गरजच वाटेनाशी झाली, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मला भीतीदायक वाटतं.

रविवारी दुपारी त्याला फोन केला. नंबर बदलला नव्हता. सगळं सांगितलं, स्क्रिप्ट, डेटाबेस, कॉल. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"दादा, मला माहीत होतं. लॉग मी पण बघितले होते."

"मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

हा प्रश्न विचारला त्याच क्षणी मला त्याची लाज वाटली. माफी मागायला फोन केला आणि पुन्हा त्यालाच जाब विचारतोय.

तो हसला थोडंसं. "सहा महिने झाले होते मला जॉइन होऊन. तुमच्या विरुद्ध कोणी ऐकलं असतं?"

मी माफी मागितली. तो 'ठीक आहे' म्हणाला नाही. म्हणाला, "मला सांगून काय उपयोग दादा, मला तर माहीतच होतं. तुम्ही बोलला होतात कॉलवर."

सोमवारी त्या वेळच्या मॅनेजरना मेल लिहिली. तारीख, वेळ, कोणती कमांड, कोणाच्या लॉगिनने. त्या प्रोजेक्टचा जुना व्हॉट्सअॅप ग्रुप अजून आहे, आता त्यात वाढदिवस आणि नोकऱ्यांच्या लिंक येतात. तिथेही लिहिलं. टाइप करून तीनदा खोडलं. पहिल्या दोन मसुद्यांत 'आपल्या सगळ्यांच्या गडबडीत' असे शब्द आपोआप येत होते! शेवटी चार ओळी राहिल्या. स्क्रिप्ट मी चालवली. शिफ्ट त्याची होती, चूक माझी होती. कॉलवर मी त्याचं नाव पुढे केलं. ते नाव ठेवून हसलात ते चुकीच्या माणसाला हसलात, त्यात मीही होतो.

तीन जणांनी हात जोडलेला इमोजी टाकला. एकाने विचारलं, "आता का?" मॅनेजरांचं उत्तर दोन ओळींचं आलं, कोरडं, पण त्यांनी ते त्याला सीसी करून पाठवलं. ते मी सुचवायलाही विसरलो होतो.

तो स्वतः त्या ग्रुपमध्ये नाही, नोकरी सोडली तेव्हाच बाहेर पडला होता. मी त्याला स्क्रीनशॉट पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात. आज बुधवार, उत्तर अजून नाही.

रात्री मामांचा फोन आला होता, डबा तिथेच राहिलाय म्हणून. जाता जाता विचारलं, "ती पुस्तकवाली बाई परत दाखव रे, पुढच्या वेळी येशील तेव्हा. तिचा हात कसा धरलाय ते बघायचंय."

उद्या श्लोक ३१.

राम कृष्ण हरी.